भोंग्याचे तीन अ‍ॅम्प

भोंग्याला गप्प करणं कंपनीला कधी जमलं नाही. दोनदा मेमो देऊन झाला, एकदा आठवडाभर घरी बसवून झालं, बढतीचं गाजर दाखवून झालं. तरी युनियनच्या गेटसभेत तो बोलायला उभा राहिला की माइक बाजूला ठेवायचा, आणि शेवटच्या रांगेतल्यालाही कान चोळावे लागायचे. पत्र्याचे डबे बनवणारा कारखाना तो. यंत्रांच्या खडखडाटात शेजारच्याचं बोलणं कळत नाही, पण याचं कळायचं. म्हणून भोंगा. खरं नाव पगारपत्रकावर असेल तेवढंच.

असा माणूस गप्प बसला तो बायकोच्या झोपेपुढे.

बायको हॉस्पिटलात सिस्टर, कायमची रात्रपाळी. सकाळी घरी येणार, घरातलं उरकणार, दुपारी बाराला अंग टाकणार ती सहाला उठणार. भोंग्याची पहिली पाळी, अडीचला तो घरी. घर दोन खोल्यांचं. आतल्या खोलीत ती झोपलेली, बाहेरच्या खोलीत हा, आणि मधलं दार ओल धरून असं फुगलेलं की पूर्ण लागतच नाही. बाहेरच्याच खोलीत एका कोपऱ्यात स्वयंपाकाचा ओटा, दुसऱ्या कोपऱ्यात कपाट, आणि कपाटाला टेकून उभी असलेली चार तारांची काळी बेस गिटार.

ती गिटार भोंग्याने विकत घेतलेली नाही. कारखान्यात शेजारच्या पत्रा दाबायच्या प्रेसवरचा जोडीदार वाजवायचा ती. सात वर्षांपूर्वी एका सोमवारी त्याची डाव्या हाताची दोन बोटं प्रेसमध्ये गेली. महिन्याभराने तो राजीनामा द्यायला आला तो पाठीवर गिटार घेऊन. भोंग्याच्या हातात दिली आणि म्हणाला, "घे. तुझी दहाच्या दहा आहेत." भोंग्याने ती घरी आणून कपाटाला टेकवली. मग तो शिकला. मोबाइलवर बघून, चुकत, तारा तोडत, चाळिशी उलटल्यावर शिकला. "शिकवायला कुणाला बोलावलं नाही मी," हे तो न विचारता सांगतो.

रविवारी युनियनच्या हॉलवर चौघांचा बँड जमतो. कीबोर्डवर सलूनवाला, तोच म्होरक्या. ड्रमवर बसचा ड्रायव्हर. गायला शाळेतल्या मॅडम. आणि बेसवर भोंगा. यंदा युनियनला पन्नास वर्षं पूर्ण होणार म्हणून सलूनवाल्याने स्वतः एक गाणं बांधलं. त्या गाण्याच्या मध्यावर एक जागा आहे. सगळी वाद्यं थांबतात, मॅडमही थांबतात, आणि एकट्या बेसने आठ सूर वाजवून सगळ्यांना परत आत घ्यायचं. आठच सूर, पण नेमके ठोक्यावर.

भोंग्याचे ठोक्यावर पडत नव्हते. प्रत्येक सूर केसभर उशिरा.

"तू मागे राहतोस," सलूनवाला म्हणाला.

"मी कशाला मागे राहीन? तुम्ही पुढे पळता."

"तिघंही?"

"तिघंही!"

"युनियनचा माणूस आणि बहुमत मानत नाही," ड्रायव्हर काठ्या गुडघ्यावर आपटत म्हणाला. मॅडम खुदकन हसल्या, आणि भोंग्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

सलूनवाल्याने कीबोर्डवर कापड टाकलं. "हे बघ भोंग्या, तीन आठवडे आहेत. शेवटच्या तालमीपर्यंत जागा बसली तर तुझी. नाही बसली, तर ते आठ सूर मी डाव्या हाताने कीबोर्डवर वाजवतो. तू पहिल्या रांगेत बस आणि टाळ्या वाजव."

हे ऐकून भोंगा जिना उतरला तो धाडधाड पाय आपटत. ती जागा त्याला का हवी होती ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. कार्यक्रमाला जोडीदार येणार होता, तो दोन बोटं गेलेला. पहिल्या रांगेत बसणार होता.

आता सराव करायचा तर कुठे? हॉल आठवडाभर कुलपात. किल्ली सेक्रेटरीकडे, आणि सेक्रेटरीला भोंग्याने गेल्या सभेत सगळ्यांदेखत मॅनेजमेंटचा जावई म्हटलेलं. "त्याच्या दारात किल्ली मागायला जाऊ? गिटार भंगारात देईन एक वेळ." म्हणजे राहिलं घर, दुपारी तीन ते सहा, आणि आत झोपलेली सिस्टर. आवाज बाहेर न काढता वाजवायचं तर हेडफोनचा अ‍ॅम्प घ्यायला हवा.

वाद्यांच्या दुकानात एक पोक्त बाई बसतात, नाकावर चष्मा, दातांत गिटारची जुनी तार. भोंगा गेला आणि काउंटरवर हात ठेवून म्हणाला, "हेडफोनचा अ‍ॅम्प द्या. लहानातला."

"कशासाठी? कुठली गिटार आहे? हेडफोन कुठले वापरता?"

"ताई, मी वस्तू घ्यायला आलोय, फॉर्म भरायला नाही."

ताईंनी चष्म्यावरून एकदा बघितलं आणि काडेपेटीएवढी एक डबी समोर ठेवली. गिटारला वायर लावायचं भोक असतं त्यात सरळ खुपसायची, तिच्या दुसऱ्या टोकाला हेडफोन. दोन मिनिटांत भोंगा दुकानाबाहेर.

घरी येऊन बघतो तर डबी भोकात जाईना. त्याच्या गिटारचं भोक वाटीसारखं खोल बसवलेलं, आणि डबीचे खांदे रुंद. त्याने दाबली, फिरवली, दात ओठ खाऊन ढकलली. शेवटी एक जुनी वायर जोडून कशीबशी लावली. आणि पहिलीच जाड तार छेडली तर कानात ओला पत्रा फाडल्यासारखा आवाज. बारीक तारा नीट, जाड फाटकी. ती डबी साध्या गिटारची होती, बेसची नव्हतीच.

दुसऱ्या दिवशी दुकानात तो गरजला. ताईंनी दातांतली तार काढली. "मी विचारलं होतं, कुठली गिटार."

"बेस!"

"हे काल सांगायला काय झालं होतं?"

यावर भोंग्याने मागच्या भिंतीवरचं गिटार क्लासचं वेळापत्रक वाचलं. ताईंनी डबी परत घेतली आणि बेसची दुसरी काढली. तिला बिजागरी होती, भोकाबाहेर मोडून बसवता यायची. बाजूला मोबाइलची वायर लावायला आणखी एक भोक, म्हणजे गाणं चालू ठेवून त्यावर वाजवता येतं. "वायरचेच हेडफोन लावा," ताई म्हणाल्या. "बिनवायरचे लावलेत तर छेडल्यानंतर जरा वेळाने ऐकू येईल. आणि कान पूर्ण झाकणारे घ्या."

"आहेत," भोंगा म्हणाला. नव्हते. मोबाइलबरोबर आलेली कानात खुपसायची बोंडं तेवढी होती.

पण डोकं चालतं त्याचं. कारखान्यात खडखडाटापासून कान वाचवायला जाड गोळे मिळतात, डोक्यावरून पट्टी आणि दोन्ही कानांवर फोमचे लाडू. कानात बोंडं घातली आणि वरून ते गोळे चढवले. बाहेरचं जग बंद! बेस असा घुमायला लागला की बरगड्यांत बसलाय असं वाटावं. गाणं लावलं आणि त्याने तासभर वाजवलं. आतल्या खोलीतली सिस्टर, खालच्या रस्त्यावरचे हॉर्न, काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. भोंग्याला वाटलं, जिंकलो.

तिसऱ्या दिवशी चार वाजता खांद्यावर हात पडला. वळून बघतो तर सिस्टर, केस विस्कटलेले, डोळे लाल. तिचे ओठ हलत होते. त्याने गोळे काढले.

"...काय ठोकताय काय केव्हाचे?"

"ठोकतोय? अगं आवाज बंद आहे. बघ." त्याने तार छेडली. टिंग, डास बसल्याएवढा आवाज.

"मग मला काय स्वप्न पडलं? उशीतून येतंय. धप्, धप्, धप्."

"खाली शिंपीकाकांची मशीन असेल."

"शिंपीकाकांची मशीन वीस वर्षं ऐकतेय मी. ती नव्हे ही." ती परत आत गेली आणि फुगलेलं दार तिने खांद्याने रेटून जितकं लागेल तितकं लावलं.

त्याच संध्याकाळी जिन्यात शिंपीकाका भेटले. त्यांचं दुकान आणि घर दोन्ही खालच्या मजल्यावर, बरोबर भोंग्याच्या खोलीखाली. गळ्यात टेप, बोटात अंगठी घालावी तसं टोपण. "काय हो, दुपारचं घरात काय कुटता? माझ्या ट्यूबलाइटचा चोक उडायचा बाकी आहे."

"कुटायला माझ्याकडे काही नाही, काका."

"मग तीन वाजता कोण येतं तुमच्याकडे? पैलवान?"

भोंगा फणफणत वर आला. दोन माणसं एकच सांगतायत म्हणजे काहीतरी झिरपतंय, आणि झिरपतंय ते या डबीतून, याबद्दल त्याची खात्री पटली. बेसचा आवाज भिंतीतून जातो हे त्याने कुठेतरी वाचलेलं. शिवाय दुसरी एक तक्रार त्याच्या मनात होतीच. मोबाइलवर सलूनवाल्याने पाठवलेल्या गाण्यावर वाजवताना सुद्धा ते आठ सूर उशिराच पडत होते. म्हणजे डबी झिरपते आणि वर उशीरही करते.

ताईंनी डबी उलटसुलट करून बघितली. "यात उशीर करायला काही नाहीच. सरळ वायर आहे. तार हलली की आवाज."

"मग सूर उशिरा का येतो?"

"ते मला विचारताय?" ताई म्हणाल्या. "वाजवतं कोण?"

याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. रागाच्या भरात त्याने डबी परत दिली आणि तिसरा अ‍ॅम्प घेतला. हा डबी नव्हे, चांगला पावाएवढा खोका, पुढे चार बटणं, स्वतःचा स्पीकर. हेडफोन लावला की स्पीकर आपोआप बंद होतो. कान पूर्ण झाकणारे जाड हेडफोनही घेतले, काळे, मऊ गादीचे.

आठवडा गेला. सिस्टर दोनदा उठली. शिंपीकाकांनी एकदा खालून छताला गज लावून ठोकलं, ते भोंग्याला ऐकू आलं नाही. त्यांनी ते मुद्दाम संध्याकाळी वर येऊन सांगितलं. भोंग्याने खोका ब्लँकेटमध्ये गुंडाळला. मग कपाटात ठेवून कपाट लावलं आणि वायर फटीतून बाहेर काढली. तरी तेच. मग त्याला वाटलं, हा स्पीकर बंद झाल्याचं ढोंग करतोय, आतून हळूच वाजतोय. मॅनेजमेंटची माणसं जशी माना डोलावतात आणि मागून करायचं तेच करतात, तसं. त्याने स्क्रू काढले, खोका उघडला, पक्कड घेतली आणि स्पीकरची वायर कचकन तोडली. आता वाज म्हणावं.

दुसऱ्या दिवशी सिस्टर उठून बाहेर आली ती रडकुंडीला आलेली. "अहो, काल वॉर्डात माझ्या हातातून ट्रे पडला. बारा पेशंट दचकून उठले. मला झोप पाहिजे, दुसरं काही नको. आता एकदा जरी जाग आली ना, तर ही गिटार घरात दिसायला नको. सेक्रेटरीच्या पाया पडा नाहीतर रस्त्यावर बसून वाजवा."

"अगं पण वायर तोडली मी! आता आवाज यायला जागा कुठे आहे?"

तेवढ्यात दार वाजलं. शिंपीकाका. हातात गज तसाच. "आज मी डोळ्यांनी बघणार," ते म्हणाले आणि न बोलावता आत आले.

"बघा!" भोंगा ओरडला. जिन्यावरून कबुतरं उडाली असतील. "दोघंही बघा! बसा इथे. मी वाजवतो, आणि तुम्ही सांगा कुठून येतो आवाज. नाही आला, तर दोघांनी माफी मागायची!"

त्याने खुर्ची ओढली, हेडफोन चढवला, गाणं लावलं आणि वाजवायला लागला. चिडला होता म्हणून की काय, हात असा मोकळा चालला की बस. गाणं मध्यावर आलं, सगळे थांबले, त्याने आठ सूर वाजवले. डोळे उघडून बघतो तर दोघं समोर उभे, तोंडाचा आ वासलेला. त्याला वाटलं, शांततेने गार झाले. तो आणखी जोरात वाजवायला लागला. मग त्याच्या लक्षात आलं की दोघं गिटारकडे बघत नाहीयेत. खाली बघतायत.

सिस्टर पुढे आली आणि तिने त्याच्या एका कानावरचा हेडफोन उचलला.

"अहो. पाय."

"कुठला पाय?"

"तुमचा. उजवा."

उजवा पाय जमिनीवर होता. टाच खाली, बोटं खाली, सगळं शांत. भोंगा तिच्याकडे बघत राहिला.

"आता थांबला," शिंपीकाका म्हणाले. "वाजवा बघू परत. कान उघडे ठेवून."

भोंग्याने हेडफोन गळ्यात ठेवला आणि वाजवलं. धप्. धप्. धप्. फरशीवर, टाचेने, साऱ्या अंगाचा भार टाकून. त्याचा स्वतःचा पाय. त्याने थांबवला. परत सुरू केलं की पाय परत सुरू.

"पायाने चालणाऱ्या मशीनवर काम करता का हो?" शिंपीकाकांनी विचारलं.

"प्रेसवर. बावीस वर्षं."

"तरीच. माझाही झोपेत हलतो. मशीनला मोटर लावून दहा वर्षं झाली, तरी हलतो. आमच्या हिच्या पिंडऱ्या लाथांनी काळ्यानिळ्या असतात." काकांचा गज आता खाली आला होता. "पण माझा वरखाली डुलतो. तुमचा खिळा ठोकतो."

सिस्टर हसायला लागली. आधी हळू, मग तोंडावर पदर धरून, मग खाली फरशीवर बसून. भोंग्याला मात्र कुणीतरी सगळ्यांदेखत थोबाडीत मारल्यासारखं झालं. तीन अ‍ॅम्प बदलले, ताईंशी भांडला, चांगल्या खोक्याचं पोट फाडलं. आणि चोर निघाला स्वतःच्या चपलेत!

दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेला आणि बिजागरीवाली डबी परत मिळते का विचारलं. ती विकली गेली होती. "हा खोका परत घ्याल?" त्याने विचारलं. ताईंनी खोका हलवला, आत तोडलेली वायर खुळखुळली, आणि त्यांनी तो अलगद त्याच्याकडे सरकवला. मग तार परत दातांत धरली.

शिंपीकाकांनी कोटाच्या खांद्यात घालतात त्या कापसाच्या गाद्यांची चवड पाठवून दिली. ती पायाखाली घेतल्यावर धपधप मेली. सिस्टर सहापर्यंत झोपली. म्हणजे झिरपणं मिटलं. उशीर मात्र मिटला नाही.

आता पाय डोळ्यांपुढे आल्यावर भोंग्याला उशिराचं कारणही दिसायला लागलं. प्रेसवर काय असतं? उजव्या हाताने पत्र्याची चकती साच्यात ठेवायची, हात बाहेर घ्यायचा, मग पायाने पेडल दाबायचं. वरून टनांचा घण येतो आणि झाकण तयार. दिवसाला काही हजार वेळा. पाय खाली जात असताना हात आत नसला पाहिजे, ही एकच गोष्ट तिथे शिकायची असते. ज्याच्या अंगात ती भिनली त्याची दहा बोटं शाबूत. भोंग्याच्या अंगात ती इतकी भिनलेली की पाय ठोक्यावर पडला की त्याचा हात आपसूक मागे राहायचा. पाय वर आला की मग बोट तारेवर पडायचं. केसभर उशीर. बावीस वर्षांचा.

हे कळल्यावर त्याचं पित्त आणखी खवळलं. कंपनीने आठ तास घेतले ते घेतले, घरी येऊन गिटार हातात धरली तरी पाय कंपनीचाच? "बघतोच," तो म्हणाला, आणि सोमवारपासून पायाला आणि हाताला एकत्र जुंपलं. पाय खाली, बोट तारेवर, एकाच क्षणी. शेकडो वेळा. दात ओठ खाऊन, घाम गाळून. सोमवारी जमलं नाही, मंगळवारी अधूनमधून जमलं, आणि बुधवारी आठच्या आठ सूर ठोक्यावर पडले. त्याने हेडफोन काढून खोक्याला टपली मारली. "शाबास," म्हणाला, खोक्याला की पायाला कुणास ठाऊक.

गुरुवारी सकाळी साडेनऊला तो प्रेसवर होता. चकती ठेवली, पाय गेला, आणि हात पायाबरोबर गेला.

बाहेर नाही. आत.

अर्धा इंच. एवढंच. त्याने हात झटकून ओढला, बोट चकतीला लागून ती तिरपी झाली, आणि घण तिच्यावर आदळून पत्रा कागदासारखा चुरगळला. त्या जुन्या प्रेसला हात अडवणारी जाळी नाही. नव्या यंत्रांना जाळ्या आल्या, त्याही दोन वर्षं भांडल्यावर. जुन्यांचा अर्ज अजून पडून आहे, त्यावर पहिली सही भोंग्याचीच. भोंग्याने प्रेस बंद केली. सुपरवायझर लांबून काय झालं म्हणून हात हलवत होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा भोंग्याला ओरडून उत्तर देता येईना. त्याने चुरगळलेला पत्रा नुसता वर धरून दाखवला. शेजारच्या प्रेसवर जोडीदाराच्या जागी आता दुसराच कुणी उभा होता, मान खाली, हात बाहेर, पाय खाली.

घरी आल्यावर त्याने गिटारकडे बघितलंही नाही. खुर्चीत बसून राहिला. सहाला सिस्टर उठली, तिने त्याच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलं, "हात दाखवा."

"काही झालं नाही."

"दाखवा म्हटलं ना."

तिने एकेक बोट चाचपून बघितलं. मधल्या बोटाच्या टोकाला पत्र्याचा बारीक ओरखडा होता, मांजराने नख लावावं एवढा. अशा प्रेसवरून आलेले हात तिने वॉर्डात किती बांधलेत. तिला पुढचं सांगावं लागलं नाही, पण त्याने सांगितलं. सोमवार, मंगळवार, बुधवार, सगळं.

"म्हणजे हात पायाबरोबर जायला शिकवलात?"

"ठोक्यावर यायचं तर दुसरं काय करू?"

"अहो, पायाला शिकवूच नका!" ती अशी कडाडली की ऐकणाऱ्याला वाटावं या घरातला भोंगा हीच. "तो पाय आहे तसा राहू दे. त्याच्यामुळे ही दहा बोटं मी रोज मोजत नाही. वाजवायचंय ना? पाय काढून घ्या त्यातून. उठा. बसा त्या ओट्यावर."

"ओट्यावर?"

"बसा."

तो ओट्यावर चढून बसला, गॅसच्या शेगडीशेजारी, डोक्याला भांड्यांची मांडणी लागत होती. पाय लोंबकळत, जमीन हाताभर खाली. तिने गिटार त्याच्या मांडीवर दिली, खोका शेजारी ठेवला.

तो वाजवायला लागला, आणि सगळं कोसळलं. पायाला दाबायला काही सापडेना, तो हवेत वळवळला आणि निकामी झाला. ठोका कुठे आहे हेच कळेना. पाच मिनिटांत भोंग्याने तीनदा गिटार बाजूला ठेवली. "भिंतीवर बसवलेल्या बाहुलीसारखा दिसतोय मी!"

"दिसा."

"मला जमणार नाही हे."

"मला सकाळी हॉस्पिटलातून फोन घ्यायचा नाहीये तुमचा. वाजवा." आणि ती ड्युटीवर जायची तयारी करायला लागली.

शुक्रवार वाईट गेला. शनिवारी पावणेपाचच्या सुमाराला, चिडचिड करून थकल्यावर, त्याने ठोका पायात शोधायचा सोडून दिला. हनुवटी थोडी हलायला लागली तेवढीच. बोट तारेवर पडलं आणि त्याला कुणी मागे ओढलं नाही. आठ सूर. परत वाजवले, तेव्हा दोन चुकले. परत वाजवले.

रविवारी शेवटची तालीम. हॉलवर भोंगा गेला आणि खुर्ची सोडून सरळ टेबलावर चढून बसला.

"हे काय?" सलूनवाला म्हणाला.

"वाजव तू."

"तारेवरचा कावळा," ड्रायव्हर म्हणाला. मॅडमनी ओठ दाबले. भोंग्याच्या कानाच्या पाळ्या परत लाल झाल्या, पण त्याने उत्तर दिलं नाही, कारण उत्तर द्यायला लागला असता तर हनुवटीतला ठोका सांडला असता.

गाणं मध्यावर आलं. सगळे थांबले. भोंग्याचे पाय टेबलाखाली लोंबकळत होते, आणि आठ सूर पडले. सहावा थोडा दबलेला होता, पण वेळेवर. आठव्यावर ड्रायव्हरच्या काठ्या बिनचूक आत आल्या, मॅडमचा आवाज आला, सलूनवाल्याचे दोन्ही हात कीबोर्डवर पडले, आणि डाव्या हातावर बेसचं काम करायची वेळ आली नाही.

गाणं संपल्यावर सलूनवाल्याने कीबोर्डवर कापड टाकलं. मग म्हणाला, "कुठला अ‍ॅम्प घेतलास शेवटी? नाव सांग, मलाही पाहिजे."

भोंग्याच्या डोक्यात तिडीक गेली. बावीस वर्षं, तीन अ‍ॅम्प, एक फाडलेला खोका, अर्धा इंच, आणि हा अ‍ॅम्पचं नाव विचारतोय. "अ‍ॅम्पचा काही संबंध नाही!" तो गरजला. "जागा माझी ना? हो की नाही ते सांग!"

"तुझी रे बाबा, तुझी. पण कार्यक्रमाला टेबलावर बसून वाजवणार? स्टेजवर टेबल नाही चढवता येत."

"उंच स्टूल लागेल मला. पाय टेकायला नकोत असं."

"एकच आहे तसं," ड्रायव्हर काठ्या पिशवीत घालत म्हणाला, आणि त्याच्या चेहऱ्यावर असं हसू पसरलं की भोंग्याला पुढचं ऐकायच्या आधीच कळलं. "सेक्रेटरीच्या ऑफिसात. खिडकीपाशी. त्यावर त्याची कुंडी असते."

"तू आण."

"मी नाही. ज्याचा पाय त्याचं स्टूल."

भोंग्याने चौघांकडे बघितलं, मग लक्षात आलं की चौथा तो स्वतःच आहे. गिटार टेबलावर ठेवून तो खाली उतरला. जिन्याच्या टोकाला सेक्रेटरीचं ऑफिस, दार अर्धवट उघडं, आत सेक्रेटरी फायलीत मान घालून. भोंगा दाराशी जाऊन उभा राहिला. घसा साफ केला. आणि जे मागायचं ते इतक्या बारीक आवाजात मागितलं की सेक्रेटरीने मान वर केली, कानामागे हात धरला आणि म्हणाला, "काय म्हणालास? जरा मोठ्याने बोल."